वरची पायरी

सलीमभाईंनी चपला काढल्या, बास्केटच्या खांबाला पोट लावून उभे राहिले, टाचा उंचावल्या आणि हात जाईल तितका ताणून खांबावर खडूची रेघ मारली.

"इथं," ते म्हणाले. "इथं येते त्याचं डोकं. हात नाही म्हणून राहिलो मी. डोकं!"

पायऱ्यांवर बसलेल्या आम्हा दहा जणांच्या माना एकदम वर गेल्या. नानाजी बुट्यांनी चष्मा पुसून परत लावला आणि रेघेकडे पाहिलं.

"उंच हाय, कबूल," नानाजी म्हणाले. "पण खेळते का नुसता दिसते?"

"खेळते? नानाजी, रिबाउंड असा उचलते का जसा तुम्ही ताटातला लाडू उचलता. समोरच्याले समजतच नाही का लाडू गेला कुठं."

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. कारण नव्या पोराला ज्या जागेवर आणायचं चाललं होतं, त्या जागेवर माझा सख्खा भाऊ खेळत होता, आणि मी हसतो की नाही हे सगळे चोरून बघत होते.

ही सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. नागपुरातल्या आमच्या भागात घरोटे कॉलेज होतं, त्याला डांबरी बास्केटबॉल कोर्ट होतं आणि कोर्टाला लागून सिमेंटच्या तीन पायऱ्या होत्या. त्या पायऱ्या आमच्या. आमच्यापैकी एकही जण त्या कॉलेजात शिकत नव्हता, हे विशेष. नानाजी बुटे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सलीमभाईंचं चपला-बुटांचं दुकान, पण गल्ल्यावर त्यांचे चुलतभाऊच जास्त दिसत. गिऱ्हे वकिलांची वकिली अशी होती की संध्याकाळी साडेचारला ते मैदानावर हजर. मी अठ्ठावीस वर्षांचा, शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून मला सगळे 'मास्तर' म्हणत. उरलेले सातजण असेच, घरी ज्यांची कुणी फारशी वाट बघत नव्हतं असे. संघ जिंकला की आम्ही जिंकायचो आणि हरला की पोट्टे हरायचे.

ज्याच्यावरून पायऱ्या पेटल्या होत्या तो चंद्रपूरचा संजीव दुर्गे. सहा फूट चार इंच. आदल्या वर्षी त्याने आमच्याविरुद्ध एकट्याने एकतीस गुण केले होते. त्याला आता शेवटच्या वर्षाला नागपुरात यायचं होतं, मामाकडे राहून. सलीमभाई आणि गिऱ्हे वकील रविवारी गाडी पकडून खास त्याला बघायला गेले होते. मुलगी बघायला जावं तसे, इस्त्रीचे शर्ट घालून. त्याच्या आईने पोहे केले, यांनी पोराला चालवून बघितलं, हात लांब करायला लावले, पंजा मोजला. येताना होकार देऊ की नकार ते कळवतो म्हणाले. आम्हाला कॉलेजातल्या कुणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही.

"कायद्याचा प्रश्न आहे," वकील म्हणाले. "विद्यापीठ तेच, कॉलेज फक्त बदलतंय. जुन्या कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि आपला फॉर्म सोमवारी विद्यापीठात पोचला पाहिजे. नाहीतर वर्षभर बाहेर बसेल."

"मंग शनिवारी बसू," नानाजी म्हणाले. "शनिवारी ठरवू."

बसू म्हणजे पायऱ्यांवर मत द्यायचं. त्याची रीत ठरलेली होती. मधली पायरी नानाजींची, तिथे मत नाही. ज्याचा होकार, त्याने वरच्या पायरीवर जायचं. ज्याचा नकार, त्याने खालच्या. संघाचे प्रशिक्षक डहाके सर समोरच्या बाकावर बसून शिट्टीची दोरी विणत असल्यासारखं करायचे आणि काहीही ऐकू येत नसल्याचा आव आणायचे. पण कोण कुठे बसलं हे त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नाही.

आणि एक कडक नियम होता. ज्याच्या घरचं पोरगं संघात आहे त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, आणि घरच्याची तरफदारी करायची नाही. नानाजींनी कधी काळी भाच्यासाठी शब्द टाकला होता, त्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत बाहेर गेला. त्यानंतर त्यांनीच तो नियम केला, स्वतःला शिक्षा म्हणून. भोगत मात्र आम्ही होतो.

मी तो नियम आदल्या वर्षी मोडला होता. उपांत्य सामन्यात सहा सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे, आणि माझ्या भावाला, उमेशला, दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगला लागून बाहेर आले. पायऱ्यांवर पोराला असा शिव्यांचा मारा झाला की मला राहवलं नाही. मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर होतं, बॉल घामाने ओला होता, पंचाने घाई केली. मी बोलत गेलो आणि सगळे शांत होत गेले. शेवटी सलीमभाई म्हणाले, "मास्तर भावाचं चित्र मस्त रंगवते, बाप्पा." ते वाक्य वर्षभर माझ्या मागे लागलं. मी कुठल्याही खेळाडूबद्दल काहीही बोललो की कोणी ना कोणी हवेत ब्रश फिरवून दाखवायचं.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच ठाऊक. वर्गात फळ्यावर सफरचंद काढायला घेतलं की त्याचा भोपळा व्हायचा. रोज नवी आवई. मंगळवारी कळलं, दुर्गेने मन बदललं. बुधवारी कळलं, दुर्गे आलासुद्धा, कँटीनमध्ये दिसला. मी सायकल काढून कँटीनला गेलो, तर तो लग्नपत्रिका विकणारा कुणी उंच माणूस निघाला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

उमेशचं ते शेवटचं वर्ष. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडायचे, आणि विद्यापीठाकडून खेळलेल्या पोरांना रेल्वेच्या भरतीत जागा असायच्या. बाबांची गिरणी बंद पडलेली, आणि आईची सगळी भिस्त त्या भरतीवर. कोर्टावर उभा राहिला नाही तर निवडणारे त्याला बघणार कुठून? इतकं सरळ होतं ते. उमेश पाच फूट अकरा. सेंटरला, म्हणजे बास्केटखाली उभं राहणाऱ्याला, कमीच. पण उडी चांगली, डोकं शांत, आणि हात असा गोड की सराव बघायला शेजारच्या कॉलेजची पोरं यायची.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंच कोर्टावर होतो. तो थ्रो मारत होता, मी बॉल परत देत होतो.

"दादा, दुर्गे येऊन राहिला म्हणते."

"म्हणते."

"चांगला हाय तो. मी खेळलो नं त्याच्यासमोर." त्याने बॉल जमिनीवर दोनदा टप्पा मारून हातात घेतला. "उद्या तुम्ही बसून राहिले नं?"

"हाव."

"तू काय म्हणशील?"

मी म्हटलं, "मले नियम हाय बे. मी शेवटी."

तो हसला. "नियम हाय तं राहू दे. मी असंच विचारलं."

शनिवारी अकराच्या अकरा जण वेळेआधी आले. डहाके सर समोरच्या बाकावर. कोर्टावर पोरं धावत होती, उमेशही. आकाश भरलेलं, वारा पडलेला, डास पायाला चावत होते आणि कुणी पाय हलवत नव्हतं.

"आपल्याले सेंटर पायजे," सलीमभाईंनी सुरुवात केली. "नऊ वर्षं झाले कप पाहून. नऊ! माहा लहाना पोट्टा तेव्हा पाळण्यात होता, आता मले उलट बोलते."

"बाहेरून आणलेल्या पोरावर जिंकायचं?" मागून कोणी म्हणालं. "मंग आपले पोट्टे पाणी पाजाले ठेवले का?"

"चंद्रपूर बाहेर कुठून झालं? गाडी जाते तिथं."

"गाडी मुंबईलेही जाते!"

वकील उठले. "दुर्गे आला तर संघ बळकट होतो, हे कोणी नाकारत नाही. मुद्दा एवढाच की तो एका वर्षासाठी येतोय. पुढच्या वर्षी तो गेला आणि तोवर आपलं पोरगंही बसून बसून गंजलं, तर?" असं म्हणून ते खालच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनीच पोहे खाल्ले होते, तरी. सलीमभाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पोहे परत मागतात की काय.

नंतर कुणी वर, कुणी खाली. एकदा आवाज इतका चढला की कोर्टावरची पोरं थांबली आणि सरांना शिट्टी वाजवावी लागली. शेवटी सलीमभाई धरून पाचजण वरच्या पायरीवर, वकील धरून चौघे खाली. नानाजी बराच वेळ गुडघे चोळत राहिले, मग म्हणाले, "मले घरच्या पोट्ट्यावर अन्याय नाही करायचा," आणि स्वतःची मधली पायरी सोडून खाली सरकले. ते कधीच सरकत नसत.

पाच वर, पाच खाली. उरलो मी.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सलीमभाईंनी ब्रश फिरवला नाही, पण त्यांचा हात मांडीवरून किंचित उचललेला मला दिसला. बस्स, तेवढाच. मला आजही सांगता येईल की त्या क्षणी माझ्या मनात दुर्गे नव्हता, कप नव्हता, उमेशही नव्हता. माझ्या मनात होता तो उचललेला हात. मी खाली गेलो असतो तर पुढची दहा वर्षं मी भावाचा वकील. मला वाटलं, यांना एकदा दाखवतोच.

मी उठलो आणि वरच्या पायरीवर जाऊन बसलो.

सलीमभाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. "मास्तर! याले म्हणते माणूस!" नानाजींनी मान हलवली, कौतुकाने की दुसऱ्या कशाने ते मला कळलं नाही. समोरच्या बाकावर डहाके सरांनी दोरी खाली ठेवली होती. ते माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, सरांनाही आपली किंमत कळली. छाती भरून आली माझी, खोटं कशाला सांगू.

उमेशला ते घरी पोचायच्या आत कळलं असणार. ताटावर बसला, जेवला, आईला म्हणाला भाजी छान झाली. मला काहीच म्हणाला नाही. मी मनात तयार करून ठेवलेलं सगळं स्पष्टीकरण तसंच राहिलं. मी स्वतःची समजूत घातली, पोरगं खिलाडू वृत्तीचं आहे.

दुर्गे आला. त्याचा राग करावा असं त्याच्यात काही नव्हतं, हीच पंचाईत. साधा, लाजरा पोरगा. पहिल्या दिवशी येऊन नानाजींच्या पाया पडला. आणि खेळला असा की पायऱ्यांवरचे पाच नकारवाले आठवडाभरात आपण वरच बसलो होतो असं सांगू लागले.

उमेश बाहेर बसला. मला वाटलं होतं, अधूनमधून तरी खेळवतील. सर त्याला उठवतच नव्हते. त्या मोसमात तो सगळी मिळून अकरा मिनिटं कोर्टावर होता. मी मोजली होती.

पण सराव त्याने सोडला नाही, उलट वाढवला. साडेपाचला उठून जायचा. मी बॉल द्यायला येतो म्हटलं तर म्हणाला, "नको दादा, मी एकटाच करतो." मध्येच एकदा डोळे तपासून आला. डोळे ठणठणीत होते. मग सलीमभाईंच्या दुकानात जाऊन त्यांना तळपाय दाखवले, आपण वाकडे उभे राहतो का म्हणून. एकदा मी लांबून पाहिलं तर तो बॉल वेगळाच धरत होता, कोपर आत घेऊन. पुढच्या महिन्यात तेही बदललं. मी म्हटलं, बाहेर बसून पोराचा जीव रमत नाही, काहीतरी करत राहतो झालं. मला चैन पडत नव्हतं, पण आपल्याला चैन का पडत नाही हे विचारायचं धाडस मी केलं नाही. सामने सुरू झाले होते आणि आम्ही जिंकत होतो.

डिसेंबरात आम्ही अंतिम सामना अकरा गुणांनी जिंकलो. दुर्गेचे अठ्ठावीस गुण. पायऱ्या रिकाम्या झाल्या, सगळे कोर्टावर. नानाजी रडत होते, वकील आणि सलीमभाई एकमेकांच्या गळ्यात. मी नाचलो. दुर्गेला खांद्यावर घेणाऱ्यांत मीही होतो. त्याचा पाय माझ्या खांद्यावर, आणि खाली बाकाजवळ उमेश सगळ्यांचे टॉवेल गोळा करताना मला दिसला. मी नाचायचा थांबलो नाही.

गर्दी पांगल्यावर डहाके सरांनी मला हाक मारली. ते खुशीत होते, पण काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखे.

"मास्तर, एक विचारू का? आता मोसम संपला म्हणून विचारतो. उमेशचं नेमकं काय आहे?"

"काय म्हणजे?"

"दुखणं आहे का काही? की मनाने खचतो? मागच्या वर्षीच्या त्या दोन थ्रोंनंतर?"

मला कळेचना. "सर, त्याले काहीच नाही झालं."

सर गोंधळले. "मग तू वर का गेलास?"

मी खांद्यावरची दुर्गेच्या बुटाची माती झटकू लागलो.

"अरे, दुर्गेचा फॉर्म मी शुक्रवारीच भरला होता," सर म्हणाले. "तुमच्या पायऱ्यांनी काय ठरवलं असतं तरी तो येणारच होता. माझा विचार दोघांनाही खेळवायचा होता. दुर्गे सेंटरला, उमेश फॉरवर्डला. उमेशचा हात तिथे जास्त चालला असता. पण शनिवारी नानाजी खाली गेले, वकील खाली गेला, परके लोक त्याच्या बाजूने बसले, आणि तू, सख्खा भाऊ, उठून वर गेलास. मी म्हटलं, घरच्या माणसाला काहीतरी माहीत आहे. याच्यात काहीतरी कमी आहे जे आपल्याला दिसत नाही. घरातली गोष्ट, कसं विचारायचं? म्हणून मी धोका घेतला नाही."

पुढे ते काय बोलले मला आठवत नाही. मी 'नियम होता' असं काहीतरी पुटपुटलो असेन. अकरा प्रौढ माणसं आठवडाभर दुर्गेवर भांडली, आणि दुर्गेचं काहीही आमच्या हातात नव्हतं. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर फक्त एकाच माणसाचा निकाल लागला होता, आणि तो मी लावला होता.

उमेश घराच्या मागच्या अंगणात संघाचे टॉवेल धूत होता. ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. हवेतला ब्रश, सलीमभाईंचा हात, माझी छाती भरून येणं, सर काय म्हणाले ते. मधे एकदाही न थांबता. थांबलो असतो तर पुढचं सांगता आलं नसतं.

तो टॉवेल पिळत राहिला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मी सरले विचारलं होतं तेव्हाच, का मले फॉरवर्डलेही काऊन नाही खेळवत. तं सर म्हणाले, आपल्या भावाले विचार."

"मंग मले विचारलं काऊन नाही?"

"भेव वाटलं." त्याने टॉवेल दोरीवर टाकला. "म्हटलं, दादाची नजर हाय. दादाले रेघ वाकडी झाली तं लांबून दिसते. लहानपणापासून माहा खेळ तूच पाहून राहिला. तू वर गेला म्हणजे तुले काहीतरी दिसलंच असन. मी म्हटलं, आपणच शोधू, दुरुस्त करू, मंग दाखवू तुले." तो माझ्याकडे वळला. "मंग काय दिसलं होतं, दादा?"

"काहीच नाही."

"खरं सांग."

"काहीच नव्हतं रे, उमेश. आईशपथ. एवढंसंही नव्हतं."

तो हौदाच्या कडेवर बसला. ओले हात त्याने शर्टाला पुसले. मला वाटलं तो आता ओरडेल, आणि तो ओरडावा असं मला मनापासून वाटत होतं.

"चार महिने शोधलं मी," तो म्हणाला. "डोळे पाहिले, पाय पाहिले. दुर्गेलेही विचारलं, त्याले नाही दिसलं. मी म्हटलं, तो दुसऱ्याच्या घरचा, त्याले काय दिसणार? थ्रो तीन वेळा बदलला. आता चेंडू हातात घेतला का तिन्ही एकदम येते." त्याने पंजे उघडून पाहिले. "पहिला कसा होता, तो सापडतच नाही मले. तुले आठवते का?"

मला आठवत होता. करंगळीपर्यंत आठवत होता. मी तिथेच, ओल्या फरशीवर उभा राहिलो, गुडघे किंचित वाकवले, रिकामे हात कपाळाच्या वर नेले, डावा हात नुसता टेकवलेला, आणि मनगट सोडून दिलं. मी दोनदा करून दाखवला.

उमेशने दोन्ही वेळा नीट पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "चांगला होता."